शेंगेन व्हिसा पहिल्यांदाच काढताय? साताऱ्यातल्या एका घरच्या फायलीवरून

मी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो), पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली करून आलो. टूर कंपनी नाही, एजंट नाही. चौघांच्या फायली मीच लावल्या, आणि त्या लावताना जे जे चुकलं, अडलं, ते इथे क्रमाने लिहितोय. माहिती सगळीकडे मिळते, पण ती पुण्यामुंबईच्या आयटीवाल्यांसाठी लिहिलेली असते. घरात पेन्शन, शेती, पतसंस्थेतली ठेव आणि लग्नात बदललेलं नाव असेल, तर तुमचे प्रश्न जरा वेगळे असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचा निर्णय घेणारा अधिकारी बहुतेक वेळा तुम्हाला बघतसुद्धा नाही. व्हिसा अर्ज केंद्रात समोर बसलेली मुलगी कागद जमा करून घेते, बोटांचे ठसे घेते, तिच्या हातात निर्णय नसतो. तिथून पुढे जाते ती फक्त फाइल. म्हणून फाइल लावताना मी डोक्यात एकच धरलं होतं: ऑडिटरसमोर वह्या ठेवतोय. रक्कम कमी असली तरी ऑडिटर रागावत नाही, दोन वह्यांत दोन आकडे निघाले की मात्र त्याची पेन्सिल थांबते.

१. आधी ठरवा, अर्ज नेमका कोणत्या देशाकडे

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे १९८५ मध्ये करार झाला, म्हणून हे नाव. आज त्यात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळ्यांत फिरता येतं. युरोपियन युनियन आणि शेंगेन या दोन वेगळ्या याद्या आहेत हे मात्र लक्षात ठेवा. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये असूनही शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन तर दोन्हीकडे नाही. क्रोएशिया २०२३ पासून आत आला. रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे.

आता पहिला सापळा. आमचं विमान पॅरिसला उतरणार होतं, म्हणून मी सरळ फ्रान्सचा फॉर्म भरायला घेतला. चूक. नियम असा: ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच असतील तरच पहिला प्रवेश बघायचा. आमच्या पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडला सहा, इटलीला तीन. म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. 'अमुक देश लवकर व्हिसा देतो' असं ऐकून तिथे अर्ज करायचा आणि नंतर बुकिंग बदलायची, ही युक्ती बरेच जण सुचवतात. करू नका. सीमेवर विचारलं की उत्तर नसतं.

२. तारखांचं गणित

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण त्यांनी ठरवलं तर ते ४५ दिवसांपर्यंत ताणू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर सगळा महाराष्ट्र एकदमच निघालेला असतो. आम्ही जानेवारीत केंद्रात फाइल द्यायची अपॉइंटमेंट शोधायला लागलो, ती मिळाली मार्चमधली. फेब्रुवारीत शोधणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना एप्रिलअखेरची मिळाली आणि त्यांनी सहल दिवाळीवर ढकलली.

अपॉइंटमेंट माणशी एक लागते, घरातल्या चौघांना चार. ती मिळवून देतो म्हणून वर पाच-दहा हजार मागणारे भेटतील. रोज सकाळी आणि रात्री स्वतः बघत राहा, रद्द झालेल्या जागा अधूनमधून सुटतात.

पासपोर्ट मधल्या काळात त्यांच्याकडेच राहतो. त्या दिवसांत दुबई, बँकॉक असं काही ठरवलेलं नसावं.

३. पासपोर्ट बाहेर काढून नीट बघा

तीन गोष्टी तपासा. तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा. युरोपातून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असावा. दोन पानं पूर्ण कोरी असावीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही बरोबर घ्या, त्यांतले जुने व्हिसे तुमच्याच बाजूने बोलतात.

आणि आता नाव. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, काही घरांत तांदळाच्या ताटात नवं पहिलं नावही लिहितात. आईचं तसंच झालेलं. पासपोर्टवर आणि आधारवर सासरचं नाव, पेन्शनच्या खात्यावरही तेच, पण तिच्या माहेरगावच्या पतसंस्थेतली ठेव जुन्या नावावर. ती ठेव फाइलमध्ये दाखवली असती, तर एका बाईचे पैसे दुसऱ्याच बाईच्या नावावर दिसले असते. आम्ही ती दाखवलीच नाही. दाखवणं भाग असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जोडा, आणि कव्हरिंग लेटरमध्ये (अर्जासोबत आपण स्वतः लिहितो ते पत्र) एका ओळीत खुलासा करा.

फॉर्ममध्ये 'जन्माच्या वेळचं आडनाव' असा रकाना असतो. लग्न झालेल्या बायकांनी तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. बायकोने तो रिकामा सोडला होता, आदल्या रात्री लक्षात आलं.

तिकीट आणि विमा काढताना वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळू नका. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात ते छापलेलं असेल, तर बुकिंगवरही हवं.

४. कागदपत्रं

प्रत्येक देश आपली यादी जाहीर करतो. तीच छापून घ्या आणि त्याच क्रमाने फाइल लावा. आमच्या फायलीत हे होतं:

- भरलेला आणि सही केलेला अर्ज. भरायची जागा देशागणिक वेगळी. फ्रान्सचा अर्ज फ्रान्स-व्हिसाज या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर भरतात. प्रश्न मात्र सगळीकडे सारखेच.
- दोन फोटो, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतले. फोटोवाल्याला 'शेंगेन' म्हणून सांगा. आपला नेहमीचा पासपोर्ट साइझ चालत नाही, आणि चेहरा उजळवून देऊ नको हेही बजावून सांगा.
- कव्हरिंग लेटर, एकच पान.
- दिवसवार कार्यक्रम.
- विमानाचं आरक्षण, हॉटेलांची बुकिंग.
- प्रवासी वैद्यकीय विमा.
- बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. कुणी तीन महिन्यांचं मागतं, कुणी सहा.
- आयकर विवरणपत्रं.
- नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र. पेन्शन असेल तर पेन्शनचे कागद. धंदा असेल तर नोंदणी, जीएसटीचे कागद.
- मुलं बरोबर असतील तर जन्मदाखला, आणि आईवडिलांपैकी एकच जण नेत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

शेतकरी कुटुंबांसाठी थोडं जास्त सांगतो, कारण मला हाच प्रश्न गावातून सगळ्यात जास्त येतो. सातबारा आणि आठ-अ जोडता येतो, पण ते मराठीत असतात, म्हणून इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. नुसता सातबारा जोडून भागत नाही. जमीन आहे हे त्यातून कळतं, तिच्यातून पैसा येतो हे कळत नाही. उसाचं बिल ज्या खात्यावर जमा होतं त्या खात्याचं स्टेटमेंट जोडलं, आणि बिलाची प्रत सोबत लावली, की सांगड बसते. शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रच भरलेलं नाही, असं असेल तर तेही कव्हरिंग लेटरमध्ये लिहा. न लिहिता सोडलं तर ते नुसतं कागद कमी असल्यासारखं दिसतं.

५. पैसे किती दाखवायचे

'खात्यात माणशी पाच लाख पाहिजेत' असलं काही नसतं. देश रोजच्या खर्चाचा अंदाज देतात. स्वित्झर्लंड दिवसाला साधारण १०० फ्रँक धरतं; फ्रान्स हॉटेलची बुकिंग हातात असेल तर ६५ युरो, नसेल तर १२०. त्याला दिवसांनी आणि माणसांनी गुणा, वर थोडं ठेवा.

रकमेपेक्षा ती कुठून आली हे महत्त्वाचं. अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून तीन लाख घेऊन खात्यात टाकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे, आणि स्टेटमेंटवर तो हळदीच्या डागासारखा दिसतो. दादांची एफडी खरंच त्याच महिन्यात पिकली आणि दोन लाख खात्यात आले. मी एफडीची पावती आणि बँकेचा मुदतपूर्तीचा कागद स्टेटमेंटच्या मागेच टाचला आणि त्या ओळीवर पेन्सिलने खूण केली.

आईदादांचा खर्च मी करणार होतो. तसं असेल तर खर्च उचलत असल्याचं पत्र, तुमचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा हवा. नात्यासाठी माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत लावली, तिथे आईवडिलांची नावं आहेत.

६. बुकिंग आणि विमा

व्हिसा हातात यायच्या आधी परत न मिळणारं तिकीट काढू नका. आरक्षण पुरतं. हॉटेलं 'मोफत रद्द' या अटीवर घ्या आणि निर्णय येईपर्यंत रद्द करू नका, कारण ते हॉटेलला विचारू शकतात. पाचशे रुपयांत नुसता पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, काढून देणारे लोक असतात. तो दोन दिवसांत मरतो आणि तपासणीच्या वेळी सापडत नाही.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि राहायचे सगळे दिवस झाकणारा. त्यात आजारपण, तातडीचं रुग्णालय आणि वेळ आलीच तर मायदेशी आणणं, हे सगळं हवं. सत्तरी ओलांडलेल्यांचा हप्ता चांगलाच चढा असतो, काही कंपन्या वैद्यकीय तपासणीही मागतात. तो आधी विचारून ठेवा. दादांचा विमा आमच्या तिघांच्या बेरजेपेक्षा महाग पडला.

आता माझी चूक. हिशेबनीस म्हणवतो, आणि एक रात्र हरवली. इंटरलाकेनचं हॉटेल १९ तारखेला सोडायचं, लुसर्नचं २० पासून घेतलेलं. कार्यक्रमात मात्र १९ ची रात्र लुसर्नला लिहिलेली. हे मला कळलं ते केंद्राच्या बाहेर रांगेत, फाइल शेवटची चाळताना. तिथेच फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर एक रात्र वाढवली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून चार प्रती काढल्या. दहा रुपयाला एक पान घेतलं त्याने. त्याचा धंदाच आमच्यासारख्यांवर चालतो.

म्हणून घरी बसून एक तक्ता करा: एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या रात्रीचं गाव, तिसऱ्यात हॉटेल, चौथ्यात विमा चालू आहे का, पाचव्यात रजेचं पत्र. मुंबईहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी उतरत असाल तर पहिली ओळ विशेष बघा. निघायची तारीख आणि पोचायची तारीख वेगळी पडते, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात.

७. केंद्रातला दिवस

बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल ही खाजगी कंपनी घेते. मुंबईत केंद्र आहेच, बऱ्याच देशांचं काम पुण्यातही होतं. तुमच्या देशाचं कुठे होतं ते अपॉइंटमेंट घेताना दिसतं.

व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो (११ जून २०२४ पासून, त्याआधी ८० होतं), सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. ते रुपयांत घेतात, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर पैसे परत येत नाहीत. एसएमएस, कुरिअर, आरामखोली अशा जादा सेवा विचारतील. आम्ही फक्त कुरिअर घेतलं, चार पासपोर्टांसाठी पुन्हा साताऱ्याहून जायला नको म्हणून. बाकीच्यांना 'नको' म्हटलं तर फायलीवर काही परिणाम होत नाही.

दहाही बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. ठसे ५९ महिने चालतात, त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर बहुधा परत द्यावे लागत नाहीत. बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे घेत नाहीत. दादांनी आयुष्यभर शेत आणि नोकरी दोन्ही केली, त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. आधारच्या वेळीही हेच झालेलं. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, मग म्हणाली, "आजोबा, कपाळावर बोटं घासा आणि परत ठेवा." कपाळाचा तेलकटपणा लागला आणि चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. घरात असं कुणी असेल तर आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना तेल किंवा क्रीम लावायला सांगा. आणि लग्नसराई असली तरी बोटांच्या टोकांना मेंदी नको.

काही विचारलं तर जेवढ्यास तेवढं उत्तर द्या. आईला विचारलं, "कुठे चाललात?" आईने आधी जावयाची नोकरी, मग नातीची परीक्षा, मग कुठे स्वित्झर्लंड सांगितलं. सुदैवाने समोरची मुलगी कोल्हापूरची निघाली.

८. व्हिसा आला की लगेच वाचा

पाकीट उघडून आनंदाने फोटो काढण्याआधी स्टिकर वाचा. 'पासून-पर्यंत' या तारखा म्हणजे तुमच्या मुक्कामाचे दिवस नव्हेत. त्या खिडकीत तुम्ही किती दिवस राहू शकता तो आकडा वेगळ्या रकान्यात असतो. आमचा व्हिसा जवळजवळ महिनाभराचा दिसत होता, मुक्काम मात्र १५ दिवसांचा. विमान पुढे-मागे झालं तर म्हणून तारखांना थोडी सैल ठेवतात, ती सैल सहल वाढवायला वापरायची नसते.

किती वेळा आत जाता येईल तेही बघा. ०१ लिहिलं असेल आणि तुम्ही मध्येच लंडनला दोन दिवस जाऊन आलात, तर परत येताना दार बंद. तसा बेत असेल तर अर्जातच जास्त प्रवेश मागा. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसत असेल, तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही तिकीट काढण्याआधी बघा.

नाव, पासपोर्ट क्रमांक चुकलेला असेल तर त्याच दिवशी कळवा.

नकार आला तर छापील फॉर्मवर कारणाला खूण केलेली असते. अपील करता येतं. कागदच कमी पडला असेल तर तो पुरा करून नवा अर्ज करणं बहुतेक वेळा जास्त लवकर होतं. आधीचा नकार लपवू नका, तो त्यांच्या संगणकात असतोच.

९. बॅग भरताना

इथे आमची आई हरली. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, खरवस सगळं घरी. लोणचं, चटण्या, थेपले, चिवडा, बिस्किटं आम्ही नेली, काही अडचण आली नाही. ताजी फळं आणि पानं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे मे महिना असूनही हापूस नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. आईने हे ऐकलं आणि नारळ घेतलाच. तो युंगफ्राऊच्या पायथ्याशी लाउटरब्रुनेनच्या हॉटेलच्या मागच्या दगडावर फुटला.

रोख १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असेल तर जाहीर करावी लागते. आपल्यापैकी कुणाकडे एवढी असते म्हणा.

१०. सीमेवर, आणि परत निघताना

व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, हॉटेल, विमा आणि पैशांचा पुरावा हातातल्या पिशवीत कागदावर ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर शिक्का मारत होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी ईईएस नावाची संगणक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि ती सगळीकडे पूर्ण लागू व्हायची तारीख १० एप्रिल २०२६. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात. व्हिसाधारकांचे ठसे आधीच दिलेले असतात. या नोंदीमुळे रांगा लांबतात, म्हणून पुढचं विमान बदलायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. 'ईटियास'चं शुल्क भरा म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ती परवानगी व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर तिचा संबंध नाही.

मुलाकडे किंवा लेकीकडे जर्मनीला, नेदरलँड्सला जाणाऱ्या आईवडिलांनी दिवसांचा हिशेब स्वतः ठेवावा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे शेंगेन देश मिळून. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. बाळंतपणासाठी तीन 'महिने' म्हणून गेलात आणि त्यात ३१ चे दोन आणि ३० चा एक महिना आला, की ९२ होतात. आता सीमेवरच्या अधिकाऱ्याला शिक्के मोजायची गरज नाही, यंत्र आपोआप मोजतं.

परत आल्यावर बोर्डिंग पास आणि व्हिसा असलेला पासपोर्ट जपून ठेवा. १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी सोय झाली आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. आमचा एक झालाय. दादांनी परवा एफडीची नवी मुदतपूर्तीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. फेब्रुवारी आहे. मी म्हटलं, जरा आधीची बघा, स्टेटमेंट तीन महिन्यांचं लागतं.